दादीने परत ठेवलेला बेल

माझ्या सासूबाई घाबरायच्या त्या फक्त बेलभंडाराला. पोलीसपाटलाला त्या अरेतुरे करायच्या, तलाठ्याला उन्हात उभं ठेवायच्या, पण खंडोबापुढच्या ताटातलं बेलाचं पान उचलायची वेळ आली की त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. आमच्या गावातले वाद त्या ताटावरच मिटायचे. पान आणि चिमूटभर भंडार तळहातावर घेऊन जे बोलायचं ते खरं बोलायचं, खोटं बोललं तर वंश बुडतो, अशी समजूत होती. परक्या माणसाला काही सांगायचं असलं तर आणखी एक अट असायची. गावातल्या एखाद्या घराने त्याच्यासाठी आधी बेल उचलायचा. याला आमच्याकडे 'पाठ देणं' म्हणत. पाठ दिली की त्या माणसाचं खरंखोटं त्या घराच्या माथी बसायचं. साक्ष संपली की साक्षीदाराने ते पान पदराच्या टोकाला बांधून घरी न्यायचं.

मी निघोज्याची, लग्न होऊन पवनेकाठच्या या गावात आलेली. फायनल पास, त्यामुळे गावच्या शाळेत मास्तरीण. या सगळ्याला मी मनातल्या मनात हसायची. पुण्यात कोर्ट आहे, वकील आहेत, कायदा आहे, आणि ही माणसं पाल्यावर न्याय करतात, असं मला वाटायचं. जिथे कोर्टच नाही अशा गुन्ह्याचं काय करायचं, हा प्रश्न मला तोवर पडलेला नव्हता. तो दादीने पाडला.

पन्नासच्या दशकाची ती सुरुवात. रुळांच्या पलीकडे लष्कराच्या जुन्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती बसली होती. आम्ही तिला नुसतं 'कॅम्प' म्हणायचो. गावाचं आणि कॅम्पाचं पटायचं नाही. जमीन कुणाची, विहिरीवर पहिला नंबर कुणाचा, यावरून रोज काहीतरी चाललेलं असे. दादी त्या कॅम्पातली. पन्नाशी ओलांडलेली, उंच, पांढऱ्या कपड्यातली विधवा. टोपलीत पापड घेऊन ती दारोदार हिंडायची. आमच्या ओसरीवर आली तेव्हा सासूबाईंनी एक पापड उजेडात धरला, कडेला मिरीचे कण पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यो पापड हाय का मातीची खापरी?" दादीने ओसरीच्या कोपऱ्यातल्या चुलीतले निखारे पुढे ओढले, त्यावर पापड भाजला आणि सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी तो अख्खा खाल्ला आणि वर म्हणाल्या, "मीठ जास्त हाय." त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. हे कळेपर्यंत सासूबाई "मी काय हिची नात हाय व्हय?" म्हणून धुसफुसत होत्या. कळल्यावर मात्र त्याच सगळ्यात मोठ्याने 'दादी' अशी हाक मारू लागल्या. दादी वर्षा-दोन वर्षांनी मोठीच होती. एका ताटात जेवायच्या दोघी. गावात कुजबुज झाली. सासूबाईंनी ती ऐकली नाही, किंवा ऐकून सोडून दिली.

एका दुपारी कुरडया वाळत घालताना दादीने तिची गोष्ट सांगितली. सिंधमधलं लहान शहर, कापडाचं दुकान, दुकानावर घर. फाळणीनंतर एके सकाळी गल्लीत जमाव शिरला. एकेका घराचा धर्म विचारत पुढे आला. दादीचा नवरा दुकानाच्या पायरीवर मेला, मुलगा आतल्या माडीवर. गल्लीतली जवळजवळ सगळी घरं अशीच संपली. दादी शेजारणीच्या धान्याच्या कणगीत लपून वाचली. ती शेजारीण मुसलमान होती, हेही तिने सांगितलं. मारणाऱ्यांपैकी चौघांना ती नावानिशी ओळखत होती. त्यातला एक तिच्या नवऱ्याकडे उधारीवर कापड न्यायचा.

"मला बदला नको, बेटी," ती म्हणाली. "त्यांना फाशी द्या, असं पण नको. हे जे केलं, तो गुन्हा होता, एवढं कुणीतरी म्हणावं. आजपर्यंत कुणी म्हटलं नाही. सगळे म्हणतात, वाईट दिवस होते. दिवसांनी मारलं का माझ्या मुलाला?"

मी ताडकन उठले. माझा स्वभावच असा, कुणी रडायला लागलं की माझं डोकं तापतं. मी तिला घेऊन पोलीस चौकीवर गेले. फौजदार भला माणूस होता, त्याने बसायला खुर्ची दिली. सगळं ऐकून म्हणाला, "बाई, गुन्हा झाला तो मुलूख आता परदेश. गुन्हेगार परदेशात. मी तक्रार कुठल्या वहीत लिहू?" मी पुष्कळ भांडले. तो शेवटपर्यंत सभ्यपणे बोलत राहिला, त्यामुळे मला जास्तच राग आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्याकडे एक पाळक येऊ लागले. खडकीकडून सायकलवर येणारे, नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती पाळक. बोलायला लागले की थांबायचे नाहीत, आणि त्यांच्या सायकलीचं एक तरी चाक नेहमी बसलेलं असायचं. शाळेच्या वाचनालयाला ते जुनी वर्तमानपत्रं आणून देत. त्यांनी मला सांगितलं की एखाद्या धर्माच्या किंवा जातीच्या माणसांना मुळासकट संपवणं हा साऱ्या जगाविरुद्धचा गुन्हा आहे, असा करार जगातल्या देशांनी मिळून केला आहे. असा गुन्हा ऐकणारं, कुठल्याच एका देशाचं नसलेलं न्यायालय असावं, असाही विचार चालला आहे. आपल्या सरकारने त्या करारावर सही केली आहे, पण ती सही पक्की व्हायची राहिली आहे. देशोदेशींची देवळं, चर्चं, धर्मसभा आपापल्या सरकारांना सांगत आहेत की हे पक्कं करा.

"आपणही सांगू या की," पाळक म्हणाले. "नुसता ठराव नको. ज्यांच्यावर बेतलं त्यांची साक्ष जोडू. आणि अर्ज एका धर्माचा नको, बाई. एकाच धर्माचा गेला तर दिल्लीत म्हणतील, हे आपापलं रडगाणं आहे."

मी त्याच क्षणी ठरवलं, हा अर्ज जाणार. मी ठरवलं की घरातल्यांना अन्नपाणी गोड लागत नाही, असं आमचे हे म्हणायचे. ते नव्या औषध कारखान्यात फिटर म्हणून लागायच्या खटपटीत होते आणि बायकोने दिल्लीशी वाकडं घ्यावं, असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. मी म्हटलं, वाकडं कुठे, मी तर अर्ज करतेय.

पाळकांची प्रार्थनासभा तयार होतीच. कॅम्पात सिंध्यांचा दरबार होता, म्हणजे त्यांचं प्रार्थनेचं ठिकाण, तिथल्या बुजुर्गांशी दादी बोलली. राहिलं आमचं देऊळ. भजनी मंडळाचे पुढारी पाटील होते. वीणा त्यांच्याच गळ्यात असायची. ते म्हणाले, "देवळाच्या नावानं जायचं असंल तर साक्ष देवापुढं झाली पायजे. बेलभंडार उचलून. नुस्त्या कागदावर आमी शाई लावणार न्हाई." पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकार भरला. त्यांचा धर्म, आमचा खंडोबा, दादीचा नदीदेव दरिया, सगळं एका ताटात कसं बसायचं, याची काळजी मी केली नाही. दादीला विचारलं तर ती म्हणाली, "खरं बोलायला कुठलाही देव चालतो."

आता गवंड्याचं सांगते.

त्याच सुमाराला शाळेची मागची भिंत पडली होती आणि ती बांधायला एक गवंडी आला होता. मराठवाड्यातला मुसलमान, तिशीचा, कामात चोख, फारसा न बोलणारा. मधल्या सुट्टीत मी मोठ्या मुलींना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. एकदा त्या जागतिक कराराबद्दलचं काहीतरी वाचलं. मुली पांगल्यावर तो थापी हातात घेऊन दारात आला.

"बाई, त्या कोर्टात कुनाचं बी ऐकत्यात का?"

मी म्हटलं, "कोर्ट अजून व्हायचंय. पण झालं तर सगळ्यांचं ऐकायला हवं."

तो उंबऱ्यावर बसला आणि बोलला. त्याचा बाप पिंजारी. गावातल्या प्रत्येक घराची गादी, प्रत्येक गोधडीतला कापूस त्याने पिंजलेला. निजामाचं राज्य असताना रझाकारांनी आसपासच्या गावांत हिंदूंवर फार अत्याचार केले. बाप त्यात नव्हता, भाऊही नव्हते. मग भारताची फौज आली, निजाम गेला, आणि त्यानंतरच्या दिवसांत बाहेरचा जमाव गावात शिरला, त्यात गावातलेही मिसळले. मशिदीमागच्या वाड्यात मुसलमान पुरुषांना गोळा केलं. बाप गेला, दोन भाऊ गेले. हा पेठेत कापूस विकायला गेला होता म्हणून राहिला. "मारनारे आमीच पिंजल्याल्या गाद्यांवर झोपत व्हते, बाई. त्याच राती बी झोपले असतील." पोलिसांत गेला तर म्हणाले, मेले ते रझाकारच असणार, जा.

त्या दिवशी मला नीट कळलं. दादीचा गुन्हा परक्या मुलखात झाला म्हणून कुणी लिहून घेत नव्हतं, आणि गवंड्याचा आपल्याच मुलखात झाला म्हणून कुणी लिहून घेत नव्हतं. ज्या न्यायालयासाठी आम्ही अर्ज करणार होतो ते नेमकं या दोघांसाठी हवं होतं. देवळातली साक्ष रविवारी ठरली होती. मी त्याला म्हटलं, तुम्हीही या.

सासूबाईंना सांगितलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, म्हणून विचारलंच नाही. ही माझी रीत अजूनही तशीच आहे.

रविवारी दुपारी सभामंडप भरला. मधे पितळी ताट, त्यात बेल आणि भंडार. एका अंगाला भजनी मंडळ, दुसऱ्या अंगाला बायका, कॅम्पातली माणसं खांबांना टेकून. पाळक पायरीवर बसले होते. आत या म्हटलं तर म्हणाले, इथून चांगलं ऐकू येतं. लिहून घ्यायला मी.

दादी उठली. पाटलांनी विचारलं, "हिला पाठ कोन देतंय?" सासूबाई पुढे झाल्या. पान उचललं तसा त्यांचा आवाज खाली आला. "माझं घर देतंय," त्या म्हणाल्या आणि पान दादीच्या हातावर ठेवलं. दादीने सगळं सांगितलं. चार नावं घेतली. कणगीतल्या अंधाराबद्दल सांगितलं, शेजारणीने वरून ओतलेल्या बाजरीबद्दल सांगितलं. बायका डोळे पुसत होत्या, मी भराभर लिहीत होते. संपल्यावर तिने पान पदराच्या टोकाला बांधलं. पाटील म्हणाले, "गावानं ऐकलं. खरं हाय." दादी हळूच खाली बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला 'खरं हाय' म्हटलं होतं.

मग मी म्हटलं, "आणखी एक साक्ष आहे." आणि गवंडी आत आला.

त्याने जसं मला सांगितलं तसंच सांगायला सुरुवात केली. वाड्यापर्यंत आला असेल, तोच पाटलांनी हात वर केला. "थांब. तुला पाठ कोन देतंय?"

कुणी पुढे झालं नाही. मंडळातला एकजण म्हणाला, "ह्ये येगळं हाय. रझाकारांनी काय कमी केलं व्हतं?" पाटलांचा चेहरा काळवंडला होता. त्यांची बहीण निजामाच्या हद्दीत दिलेली होती. रझाकारांनी तिचं घर जाळल्यावर ती अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी आली होती आणि तेव्हापासून कुणाशी धड बोलत नव्हती. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

मी वही खाली ठेवली आणि ताटाकडे गेले. "मी देते पाठ."

"सुनंचा हात घराचा न्हाई," पाटील म्हणाले. "सासू हाय तंवर घराचा हात सासूचा."

रीत तशीच होती. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली. मी तिथेच, देवासमोर, सुनेच्या जन्माला आणि या गावाच्या रितीला चांगलं ऐकवणार होते. शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात दादी उठली.

ती गवंड्यापुढे जाऊन उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या धर्माच्या माणसांनी तिचं घर संपवलं होतं, आणि त्याच धर्माच्या बाईने तिच्यावर बाजरी ओतून तिला वाचवलं होतं. मग ती पाटलांकडे वळली.

"मी देते पाठ."

"दादी, तू सोताच परकी. परक्यानं परक्याला पाठ द्यायची रीत न्हाई."

"बरं." तिने पदराचं टोक हातात घेतलं, गाठ सोडली, बेलाचं पान काढलं आणि ताटात ठेवलं. "मग माझं पण लिहू नका. याचं खोटं असेल तर माझं पण खोटं. जे कोर्ट याला दारात उभं करणार नाही, त्या कोर्टात मला जायचं नाही."

मी मनात म्हटलं, संपलं. इतक्या वर्षांनी या बाईच्या पदरात कुणीतरी एक शब्द टाकला होता, आणि तो तिने आपल्या हाताने परत केला. मला गवंड्याला इथे आणल्याचा पश्चात्ताप झाला नाही. पण त्याची किंमत दादीने मोजली होती.

आणि तेव्हा सासूबाई भडकल्या. गवंड्यावर नव्हे, दादीवर.

"माझा बेल म्हागारी टाकलास?"

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते त्यांच्या लक्षात आलं. पाठ दिलेला बेल परत ताटात पडला, तर पाठ देणारं घर खोटं ठरतं. आमच्या घराचा बेल तोवर कधी ताटात परत पडलेला नव्हता.

"आमच्या घराचा बेल म्हागारी टाकत्येस? एका ताटात जेवलीस माझ्या!"

"जेवले," दादी म्हणाली. "मग सांग, मी तुझ्या घरची आहे की नाही?"

सासूबाई कोंडीत सापडल्या. हो म्हटलं तर पुढे काय येतंय ते त्यांना दिसत होतं. नाही म्हटलं तर मघाशी देवापुढे उचललेला बेल खोटा. त्यांनी एकदा खंडोबाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'तुला घरी गेल्यावर बघते' एवढंच लिहिलेलं होतं.

"हाय," त्या म्हणाल्या. "घरची हाय."

"आणि थोरली कोण?"

"तू. दादी कुनाला म्हंतो आमी?" असं म्हणून सासूबाई पाटलांकडे वळल्या. आता त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला होता. "ऐकलंस न्हवं, पाटला? माझ्या घरात ही थोरली हाय. थोरलीचा हात घराचा. उचल गं बेल."

"आन् माज्या भनीचं काय?" पाटील एकदम ओरडले. आवाज चिरकला. "तिचं घर जाळलं त्ये कुनी लिवायचं?"

"लिवू नगं म्हून कोन म्हनलं तुला?" सासूबाई तितक्याच मोठ्याने म्हणाल्या. "आन तिला. म्या देते पाठ. तिचं खरं हाय म्हून ह्याचं खोटं व्हतंय का? ह्याचा बाप मेला म्हून तुझ्या भनीचं घर उभं ऱ्हायलं का?"

पाटील खाली बसले. त्यांनी वीणा गळ्यातून काढून बाजूला ठेवली. मग हाताने खूण केली, चालू दे.

दादीने दोन पानं उचलली. एक पुन्हा आपल्या पदराला बांधलं, दुसरं गवंड्याच्या तळहातावर ठेवलं. भंडाराचा पिवळा डाग त्याच्या चुन्याने पांढऱ्या पडलेल्या हातावर उठून दिसत होता. तो वाड्याबद्दल बोलला. बापाचं नाव घेतलं, भावांची घेतली. गादीची गोष्ट सांगितली तेव्हा बायकांच्या बाजूने कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. संपल्यावर सगळे पाटलांच्या तोंडाकडे बघू लागले. पाटील खाली मान घालून म्हणाले, "गावानं ऐकलं." पुढचे दोन शब्द यायला वेळ लागला. आले मात्र. "खरं हाय."

पाटलांची बहीण काही आली नाही. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. ती जात्यापाशी बसून राहिली, आणि दुसऱ्या खेपेला म्हणाली, "मला न्हाई बोलायचं." तो तिचा हक्क होता. अर्जात पाटलांनी आपल्या तोंडून एवढंच घातलं की माझ्या बहिणीवरही असंच बेतलं आहे आणि तिची साक्ष तिच्याकडे आहे.

पुढचं सोपं झालं असं नाही. कॅम्पाच्या दरबारातले बुजुर्ग म्हणाले, मुसलमानाची साक्ष असलेल्या कागदावर आम्ही कसं नाव द्यायचं. दादी त्यांच्याशी सिंधीत बोलली. काय बोलली ते मला कळलं नाही, पण एक म्हातारे गृहस्थ शेवटी 'बस, बस' म्हणत सही करायला उठले. गवंड्याच्या सोबतचे कामगार शुक्रवारी पत्र्याच्या शेडमध्ये नमाज पढत. त्यांना भीती होती की नावं गेली की पोलीस येतील. पाळक तीन शुक्रवार शेडबाहेर जाऊन बसले आणि शेवटी त्या मंडळींनी अंगठे दिले. मला वाटतं, पाळकांचं बोलणं थांबावं म्हणूनच दिले असतील. मराठी मजकूर माझा, इंग्रजी पाळकांचं. देऊळ, दरबार, प्रार्थनासभा आणि पत्र्याची शेड, चौघांच्या नावाने अर्ज दिल्लीला गेला. सासूबाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. दादीशी मात्र दुसऱ्याच दिवशी बोलल्या.

उत्तर आलं नाही. मी स्मरणपत्र पाठवलं. मग दुसरं. दर दिवाळीनंतर एक, असा नेमच धरला. आमचे हे विचारायचे, "दिल्लीला माहेर आहे का गं तुझं?" तोवर ते कारखान्यात लागले होते, शिफ्टवरून येऊन डबा ठेवता ठेवता विचारायचे. मी म्हणायची, माहेर असतं तर एव्हाना उत्तर आलं असतं. पाळकांची बदली झाली. पाटील गेले. शाळेची भिंत बांधून गवंडी पुढच्या कामाला निघून गेला. मी लिहीत राहिले. न लिहिणं म्हणजे 'खरं हाय' हे शब्द मागे घेणं होतं, आणि ते मला जमणारं नव्हतं.

दशक संपता संपता एके सकाळी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. भारत सरकारने तो करार पक्का केला होता. मी शाळा तशीच टाकली आणि रूळ ओलांडून कॅम्पात पळत गेले. आमच्या अर्जाने हे झालं, असं मी समजत नव्हते. मी भोळी नाही. पण झालं होतं.

दादी पापड लाटत होती. मी बातमी वाचून दाखवली. तिने लाटणं थांबवलं.

"म्हणजे माझं ऐकणार?"

आता मला खरं सांगायचं होतं. पाळकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि वाटभर तेच डोक्यात घोळत होतं. असा कायदा पुढच्यासाठी असतो, मागचं उकरून काढत नाही. आणि न्यायालय तर अजून कुठे उभंच नव्हतं. मी म्हटलं, "नाही, दादी. तुमचं नाही. त्याचंही नाही. पुढे कुणावर असं बेतलं तर त्यांचं. तेही कधीतरी कोर्ट उभं राहिलं तर."

तिने हाताला लागलेलं पीठ झटकलं. मला वाटलं आता ती रडेल आणि माझं डोकं तापेल.

"माझा निवाडा झाला गं," ती म्हणाली. "त्या दिवशी देवळात झाला. हे बाकीच्यांचं आहे." मग ती उठली, हात धुतले, पदर नीट केला. "चल. त्याला सांगायला पाहिजे."

"कुणाला?"

"कुणाला काय? ज्याला मी पाठ दिली त्याला."

गवंडी तेव्हा महाळुंग्याला विहिरीचं बांधकाम करत होता, हे दादीला ठाऊक होतं. आज तिथे कारखान्याच्या भिंतीला भिंत लागली आहे. तेव्हा बाजरीची शेतं होती आणि चाकणच्या बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्या. आम्ही दोघी एसटीने गेलो, उतरून उन्हात चालत गेलो. दादीने एकदाही सावली पाहून बसायचं नाव काढलं नाही. तो विहिरीत खाली उतरलेला होता. दादीने काठावरून हाक मारली. तो वर आला, आम्हाला पाहून त्याने डोक्याला बांधलेला पंचा सोडला.

मी बातमी सांगितली, आणि त्यात त्याचं येत नाही हेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "अब्बाचं नाव दिल्लीला गेलं व्हतं ना, बाई?"

"गेलं होतं."

"दादींच्या पोराच्या नावासंगं?"

"एकाच पानावर."

त्याने मान हलवली. पंचा पुन्हा डोक्याला गुंडाळला आणि शिडीवर पाय ठेवला. दोन पायऱ्या उतरून थांबला आणि वर बघून दादीला म्हणाला, "अम्मा, पुढं कुनावर कोर्टात उभं ऱ्हायची येळ आली आन् त्याला पाठ द्यायला कुनी नसलं, तर मला निरोप धाडा. मी यीन."